कपाचा तळ

"काय ओ डाक्टर, तुमी हितं?"

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सात नंबरच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी मान खाली घालून बसलो होतो. मान वर केली तर समोर आमच्या गावचे सदाअण्णा शेंडगे उभे. हातात बायकोच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि चेहऱ्यावर उत्सुकता. अख्ख्या तालुक्यात त्या क्षणी जो माणूस भेटायला नको होता, नेमका तोच भेटला होता.

"खरूज उठलीया जरा," मी म्हणालो.

"कुठं?"

"पाठीला."

"मग कातडीचा डाक्टर पलीकडं बसतो की. हितं काय असतंय?" अण्णांनी दारावरची पाटी वाचली. 'समुपदेशन कक्ष.' त्यातून त्यांना काही बोध झाला नाही, हे माझं नशीब.

मी काही खरा डॉक्टर नव्हे. गावोगाव फिरून गाईंना कृत्रिम रेतन करणारा माणूस. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनची टाकी, त्यात थंडगार ठेवलेल्या वीर्याच्या कांड्या, पिशवीत खांद्यापर्यंत येणारे हातमोजे आणि जनावरांची चार औषधं. पण आमच्याकडे गाईच्या शेपटीमागे उभं राहणाऱ्या कुणालाही लोक डॉक्टर म्हणतात, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. माणसाला फुकटचा मान कुठं जड होतो?

अण्णा शेजारी टेकले. "बरं झालं गाठ पडली. आमची तांबू परत उलटली. तिसऱ्यांदा."

गाय भरवूनही गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली, की ती उलटली म्हणायचं. हा माझा हातखंडा विषय. आपण कुठं बसलोय आणि कशासाठी बसलोय हे विसरून मी सुरू झालो.

"अण्णा, खरं सांगा. मधी त्या फिरत्या वळूला लावली का न्हाई?"

"एकदाच लावली."

"एकदाच पुरतं. वळू चार गोठे फिरतो आणि एका गोठ्याचा रोग चारी गोठ्यांत नेऊन ठेवतो. गाय वरनं चांगली दिसती, पण आत पिशवीला सूज असती. मग ती गाभण राहणार कशी? आणि नुसत्या गाईला औषध देऊन भागत न्हाई. दोघांना द्यायला लागतं, आणि एकाच वेळी. न्हाईतर हे त्याला देतंय, ते हिला देतंय, बसा बोंबलत."

"खरंय बाबा तुजं," अण्णा म्हणाले आणि एक्स-रे सावरत निघून गेले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मला तेव्हा आठवली नाही. आठवली ती नंतर, आणि तेव्हापासून आजपर्यंत माझी पाठ सोडत नाही.

दार उघडलं. पन्नाशीच्या एक बाई बाहेर डोकावल्या. चष्मा, घट्ट अंबाडा, सुती साडी. "दिगंबर घाडगे?"

मी उठलो.

"या. आतून ऐकलं मी तुमचं भाषण. चांगलं बोलता."

त्या भोईटे मॅडम. आज या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण त्या खोलीतला निळा पडदा, टेबलावरची पाण्याची कळशी आणि त्यांचं पेन, सगळं मला काल बघितल्यासारखं दिसतं.

"काय होतंय?"

"खाज."

"कुठं?"

"पाठीला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाडगे, पाठीला खाज असलेली माणसं या खोलीत येत नाहीत. आणि इथं बोललेलं या दाराबाहेर जात नाही. पंखा लावू का?"

त्यांनी पंखा लावला, आणि का कोण जाणे, त्या वाऱ्यात मी सगळं सांगून टाकलं. शहरात आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी दुपारीच मोकळे झालो, एसटी संध्याकाळची. बरोबरच्या दोघांनी ओढून नेलं, असं मी त्यांना सांगितलं. स्वतःलाही बरेच दिवस तेच सांगत होतो. खरं म्हणजे कुणी ओढलं नव्हतं, मी माझ्या पायांनी चालत गेलो होतो. त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी लघवीला आग सुरू झाली आणि चड्डीला पिवळे डाग दिसायला लागले.

"मग कुणाला दाखवलंत?"

"कुणाला न्हाई. पिशवीत गोळ्या होत्या. म्हटलं आपला हात जगन्नाथ."

"कसल्या गोळ्या?"

"गाईच्या."

मॅडमनी चष्मा काढला. "किती घेतल्या?"

"वजनाच्या मानानं घेतल्या. वासराचा डोस."

त्या हसल्या. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या खोलीत येण्याआधी महिनाभर मी स्वतःला माणसात मोजत नव्हतो, आणि या बाई माझ्या मूर्खपणाला हसत होत्या. शहाण्या माणसाच्या मूर्खपणाला आपण हसतो, तसंच हसत होत्या.

"आणि किती दिवस?"

"दोन. आग थांबली म्हणून सोडल्या. आठ दिवसांनी परत सुरू झालं."

"त्या आठ दिवसांत घरी? बायकोशी?"

मी पंख्याकडे बघत बसलो.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पडद्यामागं एका तरुण डॉक्टरांनी तपासलं. ते फारसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "जनावराचं औषध जनावराला द्या. आणि अर्धवट मारलेला साप जास्त चावतो, हे लक्षात ठेवा." मग रक्त घेतलं. एच.आय.व्ही.ची तपासणी आहे हे मॅडमनी आधी समजावून सांगितलं, माझी सही घेतली. दोन तासांनी निकाल चांगला आला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. ते दोन तास मी रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाखाली उभा होतो आणि लिंबाची पानं मोजत होतो. खोटं वाटेल, पण खरंच मोजत होतो.

मॅडमनी कपाटातून राखाडी रंगाचं एक पाकीट काढलं. आत दोन गोळ्या. "या दोन्ही आत्ता, माझ्यासमोर, एकदम. सात दिवस संबंध नाही. आठव्या दिवशी येऊन दाखवायचं. बरं वाटलं तरी यायचं."

मी चार घोट पाण्याबरोबर गोळ्या गिळल्या. मग त्यांनी तसंच दुसरं पाकीट काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. टेबलावर ठेवून त्यावर स्वतःचा हात ठेवला.

"हे तुमच्या बायकोचं. पण तिला घेऊनच आलात तर फार बरं."

"नुसतं पाकीट द्या की मॅडम. मी देतो."

"काय सांगून देणार?"

इथंच घोडं पेंड खात होतं. 

"दोघांना, एकाच वेळी. तुम्हीच बाहेर सांगत होतात. दुसरं मूल हवंय का तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली वाट बघतोय."

"मग हा आजार बाईच्या पिशवीपर्यंत गेला तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगू?"

कशाला सांगताय, मला सगळं माहीत होतं. तांबूसारख्या गाईंच्या पोटात हात घालून मीच ते रोज बघत होतो.

"मॅडम, ती मला सोडून जाईल."

"जाईलही. ते मला सांगता येणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण औषध न घेता गेली, तर तुमचा आजार बरोबर घेऊन जाईल. सध्या ती गरोदर नाही ना?"

"न्हाई."

"कुठल्या औषधाचा तिला कधी त्रास झालाय? अंगावर गांधी, सूज, काही?"

"न्हाई."

"विचारून सांगताय की ठोकून देताय?"

"लग्नाला सात वर्षं झाली मॅडम. मला म्हाईत नसंल का?"

 त्या पाकीट पुन्हा कपाटात ठेवायला निघाल्या. मी हात जोडले, काय वाटेल ते बोललो. उद्या घेऊन येतो म्हणालो, शपथा घातल्या. शेवटी त्यांनी पाकीट दिलं, पण वरून बजावलं, "तिला सांगून, तिला विचारून. त्याशिवाय एकही गोळी तिच्या पोटात जाता कामा नये. आणि शंका वाटली तर आधी इथं यायचं."

"व्हय मॅडम," मी म्हणालो. मी हो म्हणणारा माणूस आहे, आणि हो म्हणून पुढं काय करतो ते तुम्हाला आता कळेलच.

तीन दिवस ते पाकीट माझ्या पिशवीत हातमोज्यांच्या खाली होतं. वैजयंता, माझी बायको, समोर आली की मी टाकी तपासायला अंगणात जायचो. आमचं भांडण क्वचित व्हायचं. ती बोलायची कमी, पण बोलली की घाव घालायची. सहा वर्षांच्या अक्षदाचं आवरणं, दोन गाईंच्या धारा, स्वयंपाक, सगळं ती एकटी रेटायची आणि मी गावभर डॉक्टर म्हणवून घेत फिरायचो. तिला सांगावं असं मनात यायचं. मग दुसरं मन म्हणायचं, सांगून तिला दुःख कशाला द्यायचं? काय पण काळजी! चोरानं घरमालकाची झोपमोड होऊ नये म्हणून चपला हातात घ्याव्यात, तशातली.

आणि चौथ्या दिवशी पहाट सरता सरता मला युक्ती सुचली. जनावरांच्या माणसाला सुचायची तीच.

गाय गोळी खात नाही. कडू लागली की थुंकते. म्हणून आम्ही शेतकऱ्याला सांगतो, गोळी कुटून गूळ-पिठाच्या गोळ्यात घाला आणि द्या. गाय मिटक्या मारत खाते. हजार गाईंना मी असं औषध दिलं असेल. गाईला कोण विचारतं?

वैजयंता गोठ्यात धार काढत होती, अक्षदा झोपलेली. मी त्या दोन गोळ्या कागदात घालून लाटण्यानं चुरल्या. जिभेवर कणभर ठेवून बघितली, तर जहर कडू. म्हणून भरपूर आलं ठेचलं, गुळाचा चहा ठेवला, आणि एका कपात ती पूड घालून चमच्यानं ढवळली. ढवळत राहिलो.

ती दुधाची बादली घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"का? मी चहा करू न्हाई का?"

"सात वर्षांत केला न्हाई, म्हून म्हनलं." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि चुलीपुढच्या पाटावर बसली. "गूळ घालून उकळला न्हाई ना? दूध फाटतंय."

"वरनं घातलाय."

"शहाणं झालात." ती हसली. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली होती, आणि ते माझ्या हातच्या चहाला. मी कप पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, वाफेवर तोंड धरलं. "आलं लई घातलंय."

"घशाला बरं असतंय."

तिनं कप ओठांशी नेला, फुंकर मारली, आणि परत खाली घेतला. "अवो, काल आशाताई आल्या हुत्या."

"कशाला?"

"त्या दर महिन्याला येत्यात न्हाई का, बायकांची विचारपूस करायला."  असलं काही नवऱ्याशी बोलायची तिला सवय नव्हती. "मला पंधरा दिवस झालं पांढरं जातंय. पोटातबी दुखतंय खाली. त्यांना सांगितलं. त्या म्हनाल्या दवाखान्यात ये, गोळ्या देत्यात. मी म्हनलं ताई, गोळ्या घ्यायच्या तर आधी माझी चिठ्ठी दाखवाया लागंल. मला समदं औषध चालत न्हाई."

तिनं पुन्हा फुंकर मारली.

"कसली चिठ्ठी?"

"अक्षदाच्या वेळची. म्हायेरी बाळंत झाले तवाची. इंजेक्शन दिलं आन् माझं तोंड, डोळं, समदं सुजलं. श्वास घेता यीना. आई म्हनली गेली आता पोरगी. डाक्टरनं ते औषध चिठ्ठीवर लिवून दिलं, म्हनलं ही जन्मभर जपून ठेव, हे आन् ह्याच्या जातीचं कुठलंच औषध घ्यायचं न्हाई. तुमी तवा शिबिराला गेला हुता. आल्यावर सांगितलं की तुमाला. तुमी म्हनला, व्हय का, आन् गाईकडं गेला."

मला ते आठवलं. अगदी तसंच झालं होतं. 'व्हय का' म्हणून मी गाईकडं गेलो होतो.

तिनं कप ओठाला लावला.

 मी हात मारला. कप तिच्या हातातून उडाला, चुलीच्या कडेला आपटला, चहा निखाऱ्यावर सांडून चर्र वाजला आणि राख उडाली.

"पिलीस का? पोटात गेला का? थुंक. थुंक आधी!"

"भाजलं मला! काय खुळावला का काय?"

"वैजू, पोटात गेला का, सांग!"

"न्हाई गेला." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं हळूच तो कप उचलला. कान तुटला होता, पण कप शाबूत होता. तिनं तो उजेडाकडे तिरका धरला. तळाशी पांढरा गाळ बसला होता. तिनं त्यात बोट घातलं आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"ह्ये काय हाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. शहरातली दुपार, आग, वासराचा डोस, सात नंबरची खोली, राखाडी पाकीट, सगळं. तिचं पांढरं जाणं कशामुळं, तेही सांगितलं. सांगताना मी तिच्या पायांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. गोठ्यात वासरू हंबरत होतं, आईला सोडायची वेळ झाली होती.

"कितींदा?" तिनं विचारलं.

"एकदाच."

"एकदाच पुरतं," ती म्हणाली. "ओट्यावर बसून समद्या गावाला सांगता. माझं पाठ झालंय ते. वळू चार गोठं फिरतो."

मी राखेत पडलेला कपाचा कान उचलला. 

"आन् ह्ये," तिनं बोटावरचा पांढरा गाळ पुन्हा माझ्यापुढं धरला. तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "ते केलं ते केलं. पर ह्ये? माझ्या पोटात काय घालायचं ते मला इचारावं, एवढीबी मी मानूस न्हाई का? गाईला इचारत न्हाई, तसं मलाबी न्हाई इचारलं."

ती उठली. कप मोरीत नेऊन धुतला नाही, तसाच कोनाड्यात ठेवला. वासरू सोडलं. अक्षदाला उठवलं, वेणी घातली, शाळेत पाठवलं. दिवसभर घरातलं एकही काम तिनं चुकवलं नाही आणि माझ्याशी एकही शब्द बोलली नाही. संध्याकाळी तिनं कपड्यांची पिशवी भरली. मी आडवा गेलो नाही. मला आडवं जायचा अधिकार नव्हता.

सकाळी ती ओट्यावर उभी होती. पिशवी खांद्याला, अक्षदाचं बोट धरलेलं, आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक जुना कागद. ती चिठ्ठी.

"पोरीला आत्याकडं सोडायचं," ती म्हणाली. "मग दवाखान्यात. मग पुढचं मी ठरवीन."

मी मोटारसायकल काढली.

सात नंबरच्या खोलीत भोईटे मॅडमनी तिला आत घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. त्याच बाकावर. आत किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकदा रडण्याचा आवाज आला. मग पाण्याच्या कळशीचा. मग बराच वेळ दोघींचं हळू बोलणं.

बाहेर येताना मॅडम तिच्याबरोबर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पाकिटातल्या गोळ्या कुठं आहेत घाडगे?"

"सांडल्या. चहात."

"पोटात गेल्या असत्या तर काय झालं असतं, माहीत आहे?"

"व्हय."

"हिला दुसरं औषध दिलंय डॉक्टरांनी, चिठ्ठी बघून. चार दिवसांनी दोघांनी यायचं."  मला वाटलं आता आणखी झाडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हिनं तुमच्यावर उपकार केलेत. ते फेडायच्या फंदात पडू नका. फिटायचे नाहीत."

वैजयंता त्या दिवशी आत्याकडून अक्षदाला घेऊन माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "औषध मी घेईन. तुमाला सांगायची गरज न्हाई." चौथ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात पोचलो, तर ती एकटीच एसटीनं येऊन बाकावर बसली होती. तपासणी झाली. दोघंही बरे होतो. रक्तही दोघांचं चांगलं निघालं. मी माझ्या मोटारसायकलकडे गेलो आणि ती एसटी स्टँडकडे. तीन आठवडे ती माहेरी होती. तीन आठवडे मी दोन गाईंच्या धारा काढल्या, स्वयंपाक केला, आणि पहिल्यांदा कळलं की ही बाई सकाळी किती कामं उरकून मग चहा पिते.

एके दिवशी ती परत आली. का आली, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. कोनाड्यातला तो कान तुटलेला कप तिनं बघितला. मी तो हलवला नव्हता. तिनं घासला, स्वच्छ केला, आणि फडताळात इतर कपांबरोबर ठेवला. तीन महिन्यांनी आम्ही दोघं पुन्हा रक्त तपासायला गेलो, त्या वेळी मात्र एकाच मोटारसायकलवरून.

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच सकाळचा चहा मी करायला लागलो होतो. तिनं सांगितलं नव्हतं. मला तेवढंच सुचलं.

ती चहा घ्यायची. पण पिण्याआधी कप उजेडाकडे तिरका धरायची, तळ बघायची, मग चमच्यानं एकदा ढवळून पुन्हा बघायची. रोज. पाहुणे असले तरी. एकदा माझ्या बहिणीनं विचारलं, "वैनी, चहात काय शोधताय?" ती म्हणाली, "चहापत्ती." मी खाली मान घालून बशी पुसत बसलो. मला राग आला नाही. कशाचा येणार? ती बघत होती, तो तिचा हक्क होता. आणि तरीही रोज माझ्या हातून कप घेत होती, हे तिचं दान होतं.

दीड वर्षानं धाकटी ईश्वरी झाली. बाळंतपणाला वैजयंता आधी चिठ्ठी घेऊन गेली, मग कपडे. ईश्वरी बाराव्या दिवशी पाळण्यात होती तेव्हा भोईटे मॅडम आल्या होत्या. त्यानंतर आमची गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस त्यांच्या घरी जायचा. वैजयंता स्वतः डबा भरायची, वर वेलदोडा घालायची, आणि मला नेऊन द्यायला सांगायची. मॅडम निवृत्त झाल्या, नातवाकडे राहायला गेल्या, तरी डबा जातच होता. सदाअण्णा विचारायचे, "त्या बाई तुमच्या कोण लागत्यात?" मी म्हणायचो, "लागतात."

मीही एक गोष्ट बदलली. आता गोठ्यात गेलो आणि शेतकरी म्हणाला, "ह्यो गोळा घाला आन् टाका तोंडात," तर मी आधी घरातल्या बाईला हाक मारतो. ती रोज धार काढते, ती गाईचं जास्त जाणते. तिला विचारतो, मागं कधी काय दिलं होतं, काय झालं होतं. लोक हसतात. डॉक्टर म्हातारा झाला म्हणतात. हसू द्या.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अक्षदाचा बारावीचा निकाल लागायचा होता त्या दिवसाची. सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं तिनं. वैजयंता ओट्यावर बसून तिला समजावत होती, ईश्वरी मधेच काहीतरी विचारत होती. मी चहा आणून वैजयंताच्या हातात दिला. ती अक्षदाकडे वळून बोलतच होती, "अगं, लागंल तो लागंल, तू काय मुद्दाम नापास हुनार हाईस?" आणि बोलता बोलता तिनं कप तोंडाला लावला.

तळ बघितला नाही. ढवळलं नाही.

मी तिथंच उभा राहिलो. हातात ट्रे.  अकरा वर्षं ती रोज तळ बघत होती. त्या सकाळी ती विसरली, का तिनं सोडून दिलं, मला आजही माहीत नाही. पण मी त्या बाईला, तिच्या त्या जुन्या चिठ्ठीला, आणि सात नंबरच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.

वैजयंतानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"काय बघताय?"

"काही न्हाई."

तिनं आणखी एक घोट घेतला, आणि रिकामा हात पुढं केला.

"साखर कमी झालीया. आणा जरा."